टॅटूइनला पहिल्यांदाच निघालात? आधी हे वाचा

स्टार वॉर्सचा पसारा आता इतका वाढलाय की नव्या माणसाला कुठून शिरावं तेच कळत नाही. नऊ मुख्य चित्रपट, मधले जोडचित्रपट, मालिका, ॲनिमेशन, कादंबऱ्या, कॉमिक्स. एखाद्या जुन्या भक्ताला विचारायला जावं, तर तो कोणत्या क्रमाने बघायचं यावर तासभर डोकं खातो. म्हणून म्हणतो, अख्खी आकाशगंगा एकदम अंगावर घेऊ नका. एक ग्रह धरा, आणि तो टॅटूइन असू द्या. १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटात गोष्ट सगळ्यात आधी याच ग्रहाच्या वाळूत उतरते आणि पुढे दर पिढीत फिरून फिरून तिथेच येते.

ग्रह म्हणाल तर उजाड. आकाशगंगेच्या पार काठावर, दोन सूर्य डोक्यावर, खाली वाळू आणि खडक. सरकार नावापुरतं, सत्ता गुंडांची. इथे काय बघायचं असं विचाराल तर माझं उत्तर एकच: पाणी. कोण ते काढतं, कोण विकतं, कोण म्हणतं ते मुळात आमचंच होतं. लेसरच्या तलवारींकडे थोडं दुर्लक्ष करून पाण्याच्या मागे राहिलात, तर हा ग्रह फार लवकर उलगडतो.

पायरी १: काय बघायचं आणि काय सोडायचं

सुरुवात १९७७ च्या चित्रपटानेच करा. त्याला आता ‘चौथा भाग’ म्हणतात, त्याने गोंधळून जाऊ नका. पहिला भाग १९९९ साली आला आणि तो आधी पाहिलात तर एक मोठं गुपित उगाच फुटतं. चौथ्या भागाचा जवळजवळ पूर्वार्ध टॅटूइनवर घडतो. दोन यंत्रमानव वाळूत येऊन पडतात तिथपासून मॉस आयझलीच्या अड्ड्यावरून यान निसटतं तिथपर्यंत.

त्यानंतर १९८० चा पाचवा भाग. यात टॅटूइन अजिबात दिसत नाही, तरी बघा. नाहीतर १९८३ च्या सहाव्या भागात सगळी मंडळी जाबा नावाच्या लठ्ठ गोगलगायसदृश सावकाराच्या वाड्यात का जमतात ते कळणार नाही. सहाव्याची पहिली चाळीसेक मिनिटं आपल्या कामाची: जाबाचा वाडा आणि माणसं गिळणारा सारलॅकचा खड्डा.

मग १९९९ चा पहिला भाग. त्यावर आजवर भरपूर टीका झाली आहे आणि बरीचशी रास्त आहे. पण मॉस एस्पा या शहरातला गुलाम पोरगा, त्याची आई आणि ती पॉडची, म्हणजे हवेत तरंगत धावणाऱ्या भरधाव गाड्यांची शर्यत हा तुकडा मला कायम आवडत आलाय. २००२ च्या दुसऱ्या भागात त्याच आईची पुढची गोष्ट आहे, ती चुकवू नका. २००५ चा तिसरा आणि २०१९ चा नववा हे दोन्ही भाग टॅटूइनला शेवटच्या काही क्षणांपुरतेच भेट देतात.

मालिकांमध्ये निवडून बघा. ‘द मँडलोरियन’च्या दुसऱ्या मोसमाचा पहिला भाग (२०२०), ‘द बुक ऑफ बोबा फेट’चे पहिले तीन आणि २०२२ च्या ‘ओबी-वन केनोबी’चा पहिला. सुपारी घेऊन माणसं पकडणाऱ्या बोबा फेटची ही मालिका पुढे भरकटते. पाचव्या भागात तर खुद्द बोबा फेटच कुठे नाही! पण पहिले दोन भाग टॅटूइनसाठी सोन्यासारखे आहेत. का ते तिसऱ्या पायरीत सांगतो.

नवखे लोक हमखास फसतात ते दिसायला सारख्या ग्रहांवर. २०१५ च्या सातव्या भागात रे नावाची मुलगी भंगार गोळा करते तो ग्रह जाक्कू. त्याचं चित्रीकरण अबू धाबीच्या वाळवंटात झालं. ‘रोग वन’ या जोडचित्रपटातला जेधा हा तिसराच, तो जॉर्डनच्या वादी रमचा. ओळखायची खूण सोपी आहे. आभाळात दोन सूर्य नसतील तर तुम्ही भलत्याच ग्रहावर आहात.

पायरी २: नकाशा डोक्यात बसवा

फार गावं नाहीत. मॉस आयझली हे अंतराळ बंदर आहे, तिथलं दारूचं दुकान प्रसिद्ध. मॉस एस्पा त्याहून मोठं, बाजार आणि शर्यतीचं शहर. अँकरहेड ही शेतकऱ्यांची छोटी वस्ती. मॉस पेल्गो हे खाणकामाचं, नकाशावरून जवळपास पुसलं गेलेलं गाव. या सगळ्यांच्या पलीकडे दोन मोठे ओसाड पट्टे आहेत: ड्यून सी म्हणजे नुसती वाळू आणि जुंडलँड म्हणजे खडकाळ घळी. चौथ्या भागाचा नायक ल्यूक, त्याचा गुरू म्हातारा ओबी-वन या घळींच्याच आसऱ्याने राहतो.

ग्रहाला तीन चंद्र आहेत: चेनिनी, गेर्मेसा आणि गोम्रासेन. ही नावं ट्युनिशियातल्या खऱ्याखुऱ्या गावांवरून घेतलेली आहेत. प्रवासाच्या पायरीत त्यांच्यापैकी एकाला भेट देऊच.

पायरी ३: पाण्याच्या मागे राहा

चौथ्या भागात ल्यूकच्या काकाच्या घराभोवती उंच, बारीक, पांढरट खांब दिसतात. ते पाहून बरेच जण अँटेना समजतात. ते व्हेपोरेटर. हवेतली ओल ओढून तिचं पाणी करायचं यंत्र. ल्यूकचा काका ओवेन लार्स शेतकरी आहे, पण त्याचं पीक म्हणजे हे पाणी.

आता जावांचा प्रसंग परत एकदा सावकाश बघा. तपकिरी डगल्यातले, डोळे लुकलुकणारे बुटके भंगारवाले आपली अजस्र गाडी घेऊन दारात येतात आणि यंत्रमानव रांगेत उभे करतात. ओवेन समोरून चालत जातो, एकेकाकडे निरखून बघतो, बाजारात बैलाचे दात बघावेत तसा. सोनेरी यंत्रमानव अदबीने आपली शिष्टाचाराची पदवी ऐकवायला लागतो आणि ओवेन त्याला मधेच तोडतो. त्याला शिष्टाचार नकोय. व्हेपोरेटरची भाषा येते का, एवढंच त्याला हवंय. सौदा ठरतो, आणि तांबडा बुटका यंत्रमानव चार पावलं चालला नाही तोच डोक्यातून धूर सोडून बंद पडतो. अख्ख्या आकाशगंगेचं भवितव्य या खराब मालावर ठरतं, कारण त्याच्या बदल्यात निळा आर-टू घेतला जातो. पण ओवेनच्या चेहऱ्यावर आकाशगंगा नाही, हंगामाची काळजी आहे.

त्यानंतरचं जेवण. टेबलावर निळं दूध. ल्यूकला शिकायला बाहेर जायचंय आणि काका म्हणतो, अजून एक हंगाम थांब, हात कमी पडतात. काकू मधे पडून नवऱ्याला समजवायला बघते. ल्यूक ताट सोडून बाहेर येतो आणि मावळत्या दोन सूर्यांकडे बघत राहतो. जॉन विल्यम्सचं संगीत तिथे चढतं, ते ऐकाच. पण त्याआधीचे काकाचे शब्द विसरू नका. काका खलनायक नाही, पाण्यावर पोट असलेला माणूस आहे.

हवेतून पाणी काढणं ही काही निव्वळ कल्पना नाही. चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या काठावर मोठाल्या जाळ्या उभारून समुद्रावरून येणारं धुकं पकडतात. आपल्याकडे कच्छमध्ये पत्र्यांवर आणि छपरांवर दव जमवून पिण्याचं पाणी मिळवायचे प्रयोग झाले आहेत. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतो, भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते. पाणी थोडंच मिळतं, आणि या दोन्ही ठिकाणी जवळ समुद्र आहे म्हणून हवेत मुळात ओल आहे. टॅटूइनवर समुद्र नाही. म्हणजे तिथली यंत्रं हवा गार करायला भरपूर ऊर्जा खात असणार. ओवेनचा कंजूषपणा मला तेव्हापासून अगदी पटतो.

आता दुसरी बाजू. टस्कन नावाचे, तोंडाला फडकी गुंडाळलेले लोक १९७७ साली निव्वळ लुटारू म्हणून दाखवले होते. काठी उगारून ओरडायचं आणि अंगावर धावून यायचं, एवढंच त्यांचं काम. मँडलोरियनच्या त्या २०२० च्या भागात गाडी वळते. मॉस पेल्गोचा मार्शल टस्कनांच्या शेकोटीपाशी बसलाय, ते त्याला काळ्या फळातलं पाणी देतात, तो नाक मुरडून नको म्हणतो आणि तंटा पेटतो. टस्कनांचं म्हणणं असं: तुम्ही आमचं पाणी चोरता आणि वर आम्ही देतो तेव्हा तोंड फिरवता. बोबा फेटच्या पहिल्या भागात तीच फळं कैद्यांना वाळू उपसून शोधावी लागतात. दुसऱ्या भागात टोळीचा म्होरक्या सांगतो की इथले समुद्र आटले तेव्हापासून आम्ही इथे आहोत. म्हणजे हा ग्रह कधीकाळी पाण्याने भरलेला होता आणि ओवेनसारखे शेतकरी उपरे. ४० वर्षं ज्यांना आपण रानटी समजत आलो, ते मूळ मालक निघाले. हे कळल्यावर परत चौथा भाग लावून बघा. टस्कनांच्या त्या हल्ल्याकडे बघायची नजर बदलते.

बोबा फेटच्याच तिसऱ्या भागात मॉस एस्पातला एक पाणीविक्या तक्रार घेऊन येतो की पोरं माझं पाणी चोरतात. पोरं म्हणतात, हा भावच असा लावतो की चोरल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन्ही खरं असावं. प्रसंग छोटा आहे, पण टँकरच्या रांगेत कधी हंडा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

पायरी ४: दोन सूर्यांचं काय

असे ग्रह खरंच असतात. २०११ साली केप्लर दुर्बिणीच्या साहाय्याने केप्लर-१६बी सापडला, आपल्यापासून साधारण २४५ प्रकाशवर्षं दूर. तो दोन ताऱ्यांभोवती मिळून सुमारे २२९ दिवसांत एक फेरी मारतो. वृत्तपत्रांनी लगेच त्याचं बारसं ‘टॅटूइन’ असं केलं. प्रत्यक्षात तो शनीएवढा, वायूचा आणि गारठलेला आहे. तिथे ना वाळू, ना दूध.

पायरी ५: आता खरंच निघा

टॅटूइनचा बराचसा भाग ट्युनिशियाच्या दक्षिणेत आहे. तिथे १९७६ च्या मार्चमध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी चित्रीकरणाला सुरुवात केली. यंत्रमानव नीट चालेनात, वादळाने सेट उडवले. एकवीस वर्षांनी, १९९७ साली, पहिल्या भागाच्या वेळीही वादळाने सेटचा तसाच चुराडा केला. वाळवंट नव्या पाहुण्यांना फार भाव देत नाही, हे ध्यानात ठेवून ऑक्टोबर ते एप्रिल याच काळात जा. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ च्या वर सहज जातो.

मुंबईहून दोहा, दुबई किंवा इस्तंबूलला विमान बदलून ट्युनिसला पोचता येतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी दूतावासाकडूनच पक्के करून घ्या. सीमाभागाबद्दलच्या सूचनाही तेव्हाच वाचा, कारण यातली काही ठिकाणं अल्जीरियाच्या सीमेपासून फार दूर नाहीत.

पहिला मुक्काम तोझर. खजुराच्या बागांचं गाव, ‘दगलत नूर’ जातीचा खजूर इथला. तोझर किंवा जवळच्या नेफ्ताहून फोर-बाय-फोर गाडी आणि स्थानिक चालक घ्या. आपण चालवू म्हणून शहाणपणा करू नका, वाळूत गाडी रुतली की तासंतास जातात. नेफ्ताच्या बाजूला वाळवंटात पहिल्या भागासाठी बांधलेलं मॉस एस्पा अजून उभं आहे. लांबून अस्सल शहर, जवळ गेल्यावर लाकडी सांगाड्यावर लिंपलेला गिलावा, मागून पोकळ. दारं ढकलून आत शिरू नका. बऱ्याच ठिकाणी आत काहीच नाही आणि भिंती ठिसूळ आहेत. उंटवाले आणि टिकल्यामाळा विकणारे मागे लागतात. नको असेल तर हसून पुढे चला.

या सेटवर एक चंद्रकोरीच्या आकाराची टेकडी चालून येत होती. अशा टेकड्या वाऱ्याच्या दिशेने सरकत राहतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात तिची चाल वर्षाला सुमारे १५ मीटर अशी मोजली गेली. ग्रहशास्त्रज्ञांनी यासाठी उपग्रहाची जुनी-नवी छायाचित्रं वापरली, आणि सेटच्या इमारती त्यांना मोजपट्टीसारख्या कामी आल्या. चित्रपटाने विज्ञानाला केलेली ही मदत मला केप्लर-१६बीच्या बारशापेक्षा जास्त मोलाची वाटते. सेटजवळच ओंग जमेल हा खडक आहे, उंटाच्या मानेसारखा. पहिल्या भागातला काळा-तांबडा खलनायक इथेच उतरतो.

तोझरच्या दुसऱ्या बाजूला सिदी बूहलेलची घळ आहे. हेच जुंडलँड. आर-टूला जावा पकडतात ते इथे. पायी हिंडायचं ठिकाण आहे, सकाळी लवकर जा आणि माणशी किमान दोन-तीन लिटर पाणी ठेवा.

मग शॉट अल-जेरिद, पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं मिठाचं मैदान. त्याच्या काठावर, नेफ्ताच्या बाजूला, लार्स कुटुंबाच्या घराचा एकुलता पांढरा घुमट आहे. २०१२ साली चाहत्यांनी वर्गणी काढून त्याची डागडुजी केली. ल्यूक सूर्यास्त बघतो ते इथे. हिवाळ्यात पाऊस पडून गेला असेल तर जमीन वरून कोरडी आणि खाली चिखल अशी असते, तेव्हा चालक नाही म्हणाला तर हट्ट धरू नका.

गंमत अशी की ल्यूक बाहेर या घुमटापाशी उभा असतो आणि जेवतो मात्र अडीचशेएक किलोमीटर रस्ता दूर, मातमाताला. घराचं आतलं चौक हे मातमाताचं सिदी द्रिस हॉटेल. अमाझिग, म्हणजे इथले मूळ रहिवासी, इथे जमिनीत मोठा गोल खड्डा खणून त्याच्या भिंतींत खोल्या काढतात. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. रंगवलेल्या छताची जेवणाची खोली अजून आहे. हॉटेल अधूनमधून बंद असतं, म्हणून मुक्कामाचा बेत त्याच्या भरवशावर करू नका.

मातमाताहून पुढे तातावीन. नाव ऐकून अनेक जण इथेच सेट शोधत फिरतात. शहरात चित्रीकरण झालेलं नाही. शहर तळ म्हणून वापरा आणि आजूबाजूचे क्सार बघा: धान्य आणि तेल साठवायला एकावर एक रचलेल्या मातीच्या कोठड्यांचे मजले. पहिल्या भागातली गुलामांची वस्ती क्सार हदादा आणि मेदनिनच्या क्सारमध्ये चित्रित झाली. चित्रपट बाजूला ठेवलात तर क्सार ऊलेद सुलतान सगळ्यात देखणा. डोंगराच्या कड्याला बिलगलेलं चेनिनी गाव, म्हणजे आपल्या चंद्रांपैकी एक, इथून जवळ आहे.

शेवटी जॉर्फहून फेरीबोटीने जेर्बा बेटावर. उतरलात की अजीम, आणि तिथे मॉस आयझलीच्या त्या दारूच्या दुकानाची पडकी इमारत. किनाऱ्याने थोडं वर गेलात की ओबी-वनचं घर. कोरड्या ठणठणीत ग्रहावरच्या या संन्याशाचं घर भर समुद्राला लागून आहे. कॅमेऱ्याने फक्त तोंड दुसरीकडे फिरवलं.

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मंडळींना एवढं लांब जायची गरज नाही. डेथ व्हॅलीतल्या दांतेज व्ह्यूवरून ल्यूक आणि ओबी-वन मॉस आयझली न्याहाळतात. टस्कन ज्यावर बसून फिरतात तो केसाळ बँथाही तिथलाच. तो मार्जी नावाची हत्तीण होती, अंगावर केस आणि डोक्यावर शिंगं चढवलेली. सहाव्या भागातला सारलॅकचा खड्डा युमाजवळच्या बटरकप व्हॅलीत होता.

पायरी ६: खिसा आणि पोट

गावोगाव जायला ‘लुआज’ नावाच्या सामायिक व्हॅन मिळतात. वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. सकाळी लवकर जाल तर लवकर भरते. फ्रेंचची दोन-चार वाक्यं आलीत तर बरीच कामं होतात, इंग्रजी दक्षिणेत कमी चालते.

शाकाहारींनी जपून राहावं. भाज्यांचा कुसकुस मागितला तरी तो मटणाच्या रश्श्यात शिजलेला असू शकतो, भाजलेल्या भाज्यांच्या कोशिंबिरीवर टूना मासा आणि अंडं सर्रास येतं. ऑर्डर देतानाच दोन्ही नको म्हणून स्पष्ट सांगा. हरिसा ही तिथली मिरचीची चटणी मात्र पोळीबरोबर बिनधास्त खा, आपल्या ठेच्यावर वाढलेल्यांना ती काही जड जायची नाही.

ट्युनिशियन दिनार देशाबाहेर न्यायला बंदी आहे. लागतील तेवढेच बदलून घ्या, बदलल्याच्या पावत्या जपून ठेवा आणि उरलेले परतीच्या वेळी विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या आधीच, परत करून टाका.